दाराजवळची जागा

बारशाला बाया पाळण्याभोवती जमल्या अन् माझी पोरगी दाराला टेकून उभी. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी माझ्याकडे, इकडं हिंदी मुलखात दीक्षितपुऱ्यात आलेली. कोणी म्हटलं, "अगं, पाटावर बस." तर म्हणे, "इथंच ठीक आहे, दीदी."

ते उभं राहणं माझ्या ओळखीचं. तिची आई गेली, पण जगली तोवर अशीच दाराजवळ उभी राहायची. हळदीकुंकू असो की लग्न. नागपूरची बस तर नकोच म्हणायची. बाया तिला शिष्ट म्हणत. मी म्हणायचो, मानी आहे, माझ्यासारखी.

पाहुणे गेल्यावर पोरीला विचारलं, "काहून उभी होती?"

"बाबा, तुम्ही यात नका पडू."

"पडलो आता. बोल."

तिनं दार लोटून घेतलं अन् बोलली. बाळंतपणात टाके पडले तेव्हापासून पोटातला वारा धरवत नाही. कधी त्याहून जास्त.

जावई परगावी, तेव्हा मीच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई आपल्या मराठीच. पोरीला विचारून मलाही आत बोलावलं, कागदावर चित्र काढलं. "काका, नवारीची खाट असते ना, तसे खाली स्नायू विणलेले असतात. सगळा भार त्यांच्यावर. बाळ अडलं की वाट मोठी करायला चीर देतात, ती तिरपी. सरळ मागं गेली तर फाटत संडासच्या जागेच्या गोल स्नायूपर्यंत जाऊ शकते."

मी चौथी शिकलेला, पण कारखान्यात जन्मभर तंबू शिवले. चीर कशी पळते ते मला सांगायला नको. म्हटलं, "पुन्हा शिवता येतं?"

"आधी व्यायाम. नाही भागलं तर शिवू. लपवायचं मात्र नाही."

"अन् फार जुनं असलं तर?"

"कुणाचं?"

"हिच्या आईचं."

"मग घेऊन या ना त्यांना."

पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "पोरीचे व्यायाम सांगा तुम्ही."

आता रोज सकाळी ती सतरंजीवर व्यायाम करते, मी नातवाला घेऊन ओट्यावर बसतो. काल आतून तिनं विचारलं, "बाबा, आई तुम्हाला कधी काहीच बोलली नाही?"

"नाही," म्हटलं.

कोणाच्याही घरी गेलो की तिची आई पाणी घ्यायच्या आधी विचारायची, संडास कुठं आहे. मला वाटायचं, बाईला स्वच्छतेचं वेड आहे. चारचौघांत कौतुकानं सांगायचो. ती तेव्हाही दाराजवळच उभी असायची.