समैस्म्याच्या वाटेवरची गाढवं

कतारला गेलेला आमच्याकडचा माणूस पहिल्या दोन-तीन पगारांत कॅमेरा घ्यायचा आणि पुढच्या शुक्रवारी कुणाच्या तरी लांबलचक मोटारीला टेकून स्वतःचा फोटो काढून घ्यायचा. तो फोटो गावी पोचला की घरचे लोक पार पारापर्यंत दाखवत हिंडायचे. मला या प्रकाराची भयंकर चीड होती. मोटार दुसऱ्याची, काळा चष्मा मित्राचा, आपला काय तो घाम. शहात्तर साली मी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून तिथे गेलो तेव्हा जपानी कॅमेरा मीही घेतला, पण असलं सोंग आपण करायचं नाही हे ठरवून टाकलं. मग कॅमेऱ्यात दुसरं काय घालणार? मी गाढवांचे फोटो काढायला लागलो.

माझं काम सरळ होतं. दोह्याजवळ अल गराफाच्या बाजूला विहिरींवर टँकर भरायचा आणि उत्तरेला समैस्मा नावाच्या कोळ्यांच्या गावात नेऊन रिकामा करायचा. आज गराफात बंगले आणि शाळा झाल्यात म्हणतात; तेव्हा तिथे मळे होते, पंप होते आणि धूळ होती. समैस्म्याच्या दोन-तीन मैल अलीकडे रस्त्याला लागून एक सखल जागा होती. पावसाचं पाणी तिथे मुरायचं म्हणून बोरीच्या जातीची चार काटेरी झाडं तग धरून होती, आणि त्या झाडांखाली अकरा गाढवांचा कळप असायचा. त्यांना ना दावं होतं, ना मालक.

त्यांची हकिकत मला गावातल्या एका म्हाताऱ्या अरबाने सांगितली. तरुणपणी तो मोती विकायला मुंबईच्या फेऱ्या करायचा, त्यामुळे त्याला कामापुरतं हिंदी यायचं. तो म्हणाला, "पहले गाँव का पानी ये लोग लाता था. फिर तुम्हारा गाडी आया. खलास." म्हणजे या गाढवांच्या पोटावर पाय दिला होता तो माझ्याच टँकरने. पखाली गेल्या, टँकर आले, आणि गावाने गाढवं सोडून दिली. त्या म्हाताऱ्याने हे हसत हसत सांगितलं, पण मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी तेलाचं एक जुनं पिंप अर्धं कापून त्या झाडांखाली ठेवलं आणि येताना टँकरच्या तळाशी उरलेलं पाणी त्यात सोडायला लागलो.

महिनाभरात त्यांना माझ्या इंजिनाचा आवाज ओळखू यायला लागला. दुसऱ्या गाडीकडे ती मान वर करूनही बघत नसत. आपल्याला वाटतं गाढवं सगळी सारखी. माझंही आधी तसंच मत होतं. पण रोज बघायला लागलो तसं कळलं की पुढारपण एका म्हाताऱ्या गाढवीकडे आहे. पाण्याला आधी ती तोंड लावणार, मग बाकीचे. दोघं जण कायम एकमेकांच्या शेपटीकडे तोंड करून उभे असत, म्हणजे याच्या शेपटीने त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या उडायच्या. एक करड्या रंगाचा नर जावयासारखा सगळ्यांपासून लांब, फुगून उभा असायचा.

माझा खोलीतला सोबती रत्नागिरीकडचा मुसलमान होता आणि दोह्याच्या बाजारात एका फोटो स्टुडिओत कामाला होता. माझे रोल तोच धुऊन आणायचा. पहिला रोल माझ्या अंगावर टाकून तो म्हणाला, "मेल्या, ल्हानपणी तुजी गाढवावरून धिंड काढली व्हती काय? छत्तीसच्या छत्तीस गाढवं! आणि सगली पांढरीफट्ट. सात वाजायच्या आत काढ, नायतर उन्हं उतरल्यावर. वाळूवरचं ऊन फिलीम खातं." त्याने सांगितलं तसं मी करायला लागलो. उन्हाळ्यात केबिनमध्ये रोल बिघडायचे, म्हणून ते ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्याशेजारी ठेवायचो. माझ्या भाकरीला त्या फिल्मच्या डब्यांचा वास यायचा. आजही कुठे तो औषधी वास आला की मला ती वाट आठवते आणि उगाचच बरं वाटतं.

हिवाळ्यात तिथे चार सरी पडायच्या आणि त्या सखल जागेवर आठवड्याभरात पोपटी गवत उगवायचं. गाढवं तेव्हा माझ्या पाण्याला विचारत नसत. मार्चमध्ये गवत पिवळं पडायचं. मग वावटळी वारा सुटायचा, दिवस दिवस वाळू उडायची आणि सगळा कळप वाऱ्याकडे पाठ करून, माना खाली घालून उभा राहायचा. जुलै-ऑगस्टात ती टँकरच्या सावलीत येऊन इतकी खेटायची की मला दार उघडता यायचं नाही. हे सगळं मी टिपत होतो.

हे फोटो मी घरी पाठवायचो. मी निघालो तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती. बायको चौथी शिकलेली. तिच्या पत्रात "इकडील सर्व ठीक आहे"च्या पुढे फारसं काही नसायचं. पण गाढवांचे फोटो गेले आणि पत्रं लांबायला लागली. पोर विचारते, ती उभ्याने झोपतात का? पोर विचारते, फुगलेल्या गाढवाला कोण रागावलं? एवढ्याशा पोरीशी सातासमुद्रापलीकडून बोलायचं काय हा माझ्यापुढे मोठा प्रश्न होता. तो गाढवांनी सोडवला.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत त्या म्हाताऱ्या गाढवीला शिंगरू झालं. गडद तपकिरी, केसाळ, आणि डाव्या कानाचं टोक मुडपलेलं. त्याच महिन्यात दुसऱ्या एका गाढवीलाही झालं, पण मी पहिल्याच्याच नादी लागलो होतो. फोटो मिळताच मुलीने त्याचं नाव ठेवलं. ते नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. त्यानंतर प्रत्येक पत्रात त्याची चौकशी असायची. त्याला दात आले का, ते आईचं ऐकतं का, बाबा त्याला हाक मारतात का. मी हाक मारायचो. भर वाळवंटात टँकर उभा करून एका शिंगराला मराठीतून हाका मारणारा माणूस बघून त्या म्हाताऱ्या अरबाने कपाळाला हात लावला होता.

ऑगस्टमध्ये ते मेलं. रस्ता नवा झाला होता आणि छोट्या गाड्या सुसाट जायला लागल्या होत्या. त्यातल्याच कुठल्या तरी गाडीने उडवलं असणार. मी सकाळी पोचलो तेव्हा ते कडेला पडलेलं होतं आणि आई शेजारी उभी होती. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच उभी होती. पिंप तिच्याजवळ आणून ठेवलं तरी पाण्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कळपात गेली. मी त्या तीन दिवसांत कॅमेरा उचलला नाही.

घरी काय कळवायचं? माझा सोबती म्हणाला, "दुसरं हाय ना? त्याचं पाठव. चार वर्साच्या पोराला काय समजतंय? तिला रडवून तुला काय मिलनार हाय?" मला ते पटलं, कारण पटायला हवंच होतं. मी दुसऱ्या शिंगराचे फोटो काढायला लागलो, तेही फक्त उजव्या बाजूने, म्हणजे डावा कान दिसायलाच नको. ऊन कुठूनही असो, मी फिरून फिरून त्याच्या उजवीकडे जायचो. इतक्या मेहनतीने मी खरा फोटो कधी काढला नव्हता. उत्तरात शिंगराची चौकशी कमी होत गेली आणि मी सुटकेचा श्वास टाकला. लहान मूल, विसरलं असेल. त्याऐवजी बायको लिहायला लागली की पोर तुमचा फोटो मागते. मी लिहिलं, मला काय बघायचंय, उन्हाने कोळसा झालोय. आणि आणखी गाढवं पाठवली.

बदली ड्रायव्हर मिळेना म्हणून माझी सुट्टी लांबली. दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये एकदाचा गावी पोचलो. मुलीला पाचवं लागलं होतं. ती आईच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. लाजत नव्हती, नुसती निरखून बघत होती. जेवण झाल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "तिकडं तोंड करा."

मी केलं.

"आता हिकडं."

मी तेही केलं. तिने माझ्या डाव्या भुवईवरच्या जुन्या खोकेवरून बोट फिरवलं, वळून आईला म्हणाली, "ह्येच हायेत," आणि मग माझ्या मांडीवर येऊन बसली.

बायकोचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "गेलं सहा म्हैनं माझ्या मागं लागलीया. बाबा येत्याल ते त्येच असतील ना, का दुसरं कोण येईल. शेवटी मीच तिला खोक सांगितली."

मला काहीच कळेना. मग मुलीने बिस्किटांचा डबा आणून फोटो जमिनीवर मांडले. शिंगराच्या फोटोंचे तिने दोन ढीग केले. "ह्ये आधीचं. ह्ये दुसरं." मी म्हटलं, कशावरून? तिने दुसऱ्या ढिगावर बोट ठेवलं. "ह्येच्या पायाला पट्टं न्हाईत." पहिल्याच्या पुढच्या पायांवर बारीक काळे आडवे पट्टे होते. रोज बघत होतो, फोटो मीच काढले होते, आणि मला ते कधी दिसले नव्हते.

"आधीचं मेलं का?" तिने विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुला वाईट वाटलं असतं म्हणून."

तिने दुसरा ढीग बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हंजी तुमी मेला तरी तिकडली लोकं आमाला सांगणार न्हाईत. दुसऱ्याचाच फोटू पाठवतील."

आयुष्यात मी बऱ्याच शिव्या खाल्ल्या आहेत, पण त्या वाक्याइतकं काही लागलं नाही. मी तिला पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मी रडत होतो, हे सांगायला आता कसली लाज?

दोन महिन्यांनी परत गेलो. पहिल्याच शुक्रवारी सोबत्याला म्हटलं, स्टुडिओत चल, माझा फोटो काढ. एक डावीकडून, एक उजवीकडून. तो हसायला लागला, "पोलीस ठाण्यात काढतात तसं? काय गुन्हा केलास?" मी त्याला घडलेलं सगळं सांगितलं. त्याचं हसू थांबलं. त्याने माझे दोन्ही फोटो नीट काढले, दिवा थोडा सरकवला, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. त्याला घरी जाऊन चार वर्षं झाली होती; मागे तीन मुलं होती.

"वायच माजंबी काढ," तो म्हणाला आणि स्टुलावर बसून त्याने डावीकडच्या भिंतीकडे तोंड वळवलं.