तोंड मिटून झोपण्याची तालीम

लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, दुपारी पावणेतीन वाजता रहिमतपूर येथील राहत्या घरी माझे निधन झाले. त्या वेळी मी झोपेत होतो. त्यामुळे पुढील हकिगत, हजर असलेल्यांना वेगवेगळे गाठून, विचारून लिहिली आहे.

मी तेव्हा सांगलीच्या एका साप्ताहिकाचा रहिमतपूरचा बातमीदार होतो. प्रकृतीची तक्रार एकच. नाक लहानपणापासून चोंदलेले, त्यामुळे झोपेत सगळा कारभार तोंडाकडे. मी घोरत असे. (आमच्या आळीत त्याला घोरणे म्हणत नसत. "गिरण चालू झाली" म्हणत.) मध्येच श्वास बंद पडे आणि घर जागे होई! मी घोरत असलो की आई आणि धाकटी बहीण इंदू निवांत झोपत. थांबलो की दोघी उठून बसत. इंदू आकडे मोजायची. बहुतेक वेळा सतराला मी दचकून श्वास घेत असे. अठरा झाले तर तिने माझ्या पायाचा अंगठा ओढायचा, असे ठरलेले होते. आठ वर्षांत अठरा फार थोड्या वेळा झाले. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असे. तांब्याभर पाणी आणि ज्येष्ठमधाची कांडी पोटात गेल्याशिवाय तोंडातून शब्द निघत नसे.

"बातमीदार म्हनं," आई म्हणायची, "आणि न्याहारीपतोर मुका!"

इंदू एकोणीस वर्षांची होती. सातवी पास झालेली. तिला मास्तरीण व्हायचे होते. पहिले स्थळ कऱ्हाडचे आले. पाहुणे मुक्कामाला राहिले आणि उजाडायच्या आत चहा न घेता गेले. मागून निरोप आला: पोरगी पसंत हाय, पण घराण्यात दमा हाय. दुसरे स्थळ सांगलीचे. मुलगा शाळेत मास्तर. लग्नानंतर मुलीला ट्रेनिंगला घालीन, असे त्याने पत्रात लिहिले होते. ते पत्र इंदूने ट्रंकेत, परीक्षेच्या दाखल्याखाली ठेवले. मुलगा, त्याचे वडील आणि चुलते असे तिघे येणार होते. परतीची गाडी सकाळी. म्हणजे मुक्काम आलाच!

मी त्या रात्री देवळात झोपतो, असे मी सुचवले. आईने ते फेटाळले. "घरात गडीमानूस तू एकला. पाव्हनं घरात आन् तू देवळात? काय म्हनतील?"

इंदूने माझ्याकडे न बघता सांगितले, "दादा, एक रात तोंड मिटून झोप. मग जल्मभर घोर."

तोंड मिटण्याचे काम शेजारच्या हवालदार तात्यांनी अंगावर घेतले. तात्या पलटणीतून पेन्शनीत आलेले. त्यांच्या मते इंग्रजाच्या फौजेत घोरणाऱ्याचा जबडा बांधायची पद्धत होती. (या माहितीला दुसऱ्या कोणाकडूनही दुजोरा मिळाला नाही.)

"आवं, पर असा जबडा मेलेल्याचा बांधत्यात," आई म्हणाली.

"मेलेला घोरतो का?"

"न्हाई."

"मग!" तात्या म्हणाले.

पाहुण्यांच्या दिवशी दुपारी तात्यांनी तालीम ठरवली. गाडी अडीचची. पण मिलिटरीच्या गाड्या पुढे सोडायच्या म्हणून पॅसेंजर रोज दोन तास उशिरा येई, आणि सारे गाव त्याच हिशेबाने वागे. साडेचारपर्यंत वेळ होता. बाज करकरते म्हणून मला जमिनीवर घोंगड्यावर निजवले. आवाज दाराकडे जाऊ नये म्हणून डोके उत्तरेला केले. धोतराच्या पांढऱ्या पट्टीने हनुवटी आवळून डोक्यावर गाठ मारली. नाक मोकळे व्हावे म्हणून निलगिरीच्या तेलात बुडवलेल्या कापसाच्या वाती दोन्ही नाकपुड्यांत सैल घातल्या. तोंडाला कोरड पडू नये म्हणून ओठांत तुळशीचे पान दिले, आणि आई तांब्याची पळी घेऊन उशाशी बसली. थेंब थेंब पाणी ओठांच्या फटीतून सोडायचे, असा हुकूम होता. या सगळ्यातला एकेक उपाय निर्दोष होता.

मी झोपलो. मला आजवर लागलेली ती सर्वात शांत झोप.

त्या दिवशी पॅसेंजर अडीच वाजता आली. स्टेशनमास्तरही ऑफिसातून बाहेर येऊन बघत राहिले, असे टांगेवाला सांगतो. पावणेतीनला पाहुणे दारात उभे राहिले. तेवढ्यात माझा श्वास थांबला. आतल्या चुलीत ओली बाभूळ होती. शिरा ढवळताना धुराने डोळे गळत असलेली इंदू पदराने तोंड पुसत चौकटीत आली. आईच्या हातात पळी. तिचेही डोळे धुराने लाल. कोपऱ्यात तात्या, सवयीप्रमाणे ताठ उभे.

मुलाच्या वडिलांनी पटका काढला. तिघांनी हात जोडले.

"आवं पाव्हनं, या की! बसा!" तात्या म्हणाले.

"नगं. ही बसायची येळ न्हवं."

"पानी तरी घ्या," आई उठली.

"न्हाई, माय. तुमी तितनं उठू नका."

आणि अशा घरातून निघताना 'येतो' म्हणायचे नसते, म्हणून ते काही न बोलता वळले. आई पळी हातात धरून बघत राहिली. तिला वाटले, घर पसंत पडले नाही. तात्यांना वाटले, त्यांची ताठ उभे राहण्याची पद्धत पसंत पडली नाही. इंदूने मात्र एकदा मुलाकडे बघितले, एकदा माझ्याकडे, आणि काय झाले ते तिलाच प्रथम कळले.

"दादाऽ!"

मी उठलो. श्वास परत येताना नेहमी होतो तो आवाज झाला. या वेळी तोंड बंद असल्याने तो नाकावाटे झाला आणि दोन्ही वाती उडाल्या. एक चुलत्यांच्या पायाशी पडली. चुलत्यांनी मागे वळून पाहिले. त्यानंतर ते टांग्यात कसे चढले, हे त्यांनाही आठवत नाही.

मी धावलो. भर बाजारातून! डोक्यावर पांढरी गाठ, हनुवटीला पट्टी, ओठांत तुळस. मला एवढेच ओरडायचे होते की मी जिवंत आहे. पण गाठ सुटेना, आणि जीभ टाळूला चिकटलेली. घशातून निघाले ते फक्त "हंऽऽ!" मिरचीवाल्यांनी वाट दिली. एका म्हातारीने पाठमोऱ्या मला नमस्कार केला. टांग्यातून चुलते टांगेवाल्याला सांगत होते, "हाण रं गड्या, हाण! मागं बघू नगंस!"

मी दुसऱ्या दिवशी सांगलीला खुलाशाचे पत्र लिहिले. घटना क्रमवार, वेळांसह. आठ दिवसांनी कार्ड आले. आपण हयात असल्याचे वाचून समाधान वाटले. परंतु चुलत्यांचा ताप अजून उतरलेला नाही, आणि मुलगी बघायला गेल्यावर जे दिसले ते दिसले. तरी हा विषय इथेच थांबवावा. त्याच वैशाखात मुलाचे लग्न तासगावला झाले.

इंदूने मला दोष दिला नाही. ती एकदाच बोलली. "सतराला तू उठतोसच. ती मानसं चौदाला गेली."

"तू मोजत होतीस?"

"शिरा ढवळत हुते. नंतर मनात मोजलं."

पुढच्या वर्षी इंदूचे लग्न कोरेगावच्या बाजूच्या एका जमादाराशी झाले. स्थळ तात्यांनी आणले. जमादार तोफखान्यात होते. तोफांच्या आवाजाने दोन्ही कान गेलेले. दिवाळीला ते मुक्कामाला आले आणि माझ्याच खोलीत झोपले. सकाळी उठून "झोप लय झ्याक लागली," असे त्यांनी आळीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितले.

चहा झाल्यावर इंदू माझ्याजवळ आली. घरात दिवसभर ओरडून बोलावे लागते, त्याने तोंडाला कोरड पडते, असे तिने सांगितले. मी माझा ज्येष्ठमधाचा डबा काढला आणि तिला दोन कांड्या दिल्या.

तिने डबा घेतला.