खिडकीतला दिवा आणि पदरातली गाठ

ललिता पंचवटीतल्या एका शाळेत शिपाई. घंटा वाजवायची, वर्ग उघडायचे, पाण्याच्या टाकीवर झाकण आहे की पोरांनी पळवलं ते बघायचं. त्याच शाळेच्या ग्रंथालयातली बाई निवृत्त होणार होती. हेडमास्तर म्हणाले होते, "बीए व्हा ललिताताई, मग आधी तुमचं नाव." बाहेरून परीक्षा देत देत सगळे विषय सुटले, इंग्रजी साहित्याचा तेवढा अडून बसला. दोनदा नापास. आता शेवटची संधी, ती हुकली तर मुदत संपून आधीचं पास झालेलंही पाण्यात.

अडवणारं पुस्तक म्हणाल तर तळहाताएवढं. इंग्रजांच्या राणीच्या काळातली छोटी कादंबरी. समुद्रकाठी एक श्रीमंत विधवा. पोराशी भांडण झालं, पोरगा जहाजावर निघून गेला. खिडकीत रोज लागणारा दिवा बाईनं रागानं विझवला, मोलकरणीला दम दिला, 'याला हात लावायचा नाही.' एका रात्री दाट धुकं पडलं, पोराचं जहाज परत येत होतं, काठ दिसेना, खडकावर फुटलं. पुढं म्हातारी मरेपर्यंत रोज दिवा लावत राहिली. हे सगळं सांगते ती मोलकरीण.

अभ्यास केंद्रावर सोमनाथ सर रविवारी शिकवायचे. त्यांनी ललिताचा जुना पेपर समोर धरला.

"ताई, गोष्ट छान सांगितलीत. पण गोष्ट मला ठाऊक आहे. लेखकानं ती कशी बांधली ते लिहा. धुकं पुन्हा पुन्हा का येतं? दिवा म्हणजे नुसता दिवा का? आणि मोलकरणीच्याच तोंडून का सांगितलं?"

"तिनं गुपचूप दिवा लावला असता तर पोरगा वाचला असता, म्हणून?"

"हां! म्हणजे तिच्या मनालाही टोचणी आहे. ती सगळं खरं सांगत असेल का? हे लिहा."

ललिताला ते पटलं, पण डोक्यात टिकेना. तिला तोंडानं सांगितलेलंच लक्षात राहायचं. श्रावण लागला होता. दर सोमवारी संध्याकाळी सासूला, नवसाबाईंना, ती कहाणी वाचून दाखवायची. म्हातारी मुठीत अक्षता धरून ऐकणार, कहाणी संपली की त्या देवाला वाहणार. तर त्या सोमवारी कहाणी झाल्यावर ललिता म्हणाली, "आत्याबाई, माझ्या परीक्षेचीबी एक गोष्ट ऐका."

नवसाबाईंनी तांदळाचे नवे दाणे मुठीत घेतले.

"अहो, ही देवाची नाही. इंग्रजांची आहे."

"गोष्ट हाय ना? मग दाणे लागतील. रिकाम्या हातानं काय ऐकायचं?"

ललितानं सांगायला घेतलं. विधवेच्या ताठ्यावर नवसाबाई हसल्या, "सुंभ जळला तरी पीळ जात नाय बघ." धुकं आलं तेव्हा मूठ आवळली. "मग? पोरगं आलं का घरी?"

आता इथं सांगायला हवं की नवसाबाईंचा थोरला खंडेराव आपल्या पसंतीची बायको करून आला, तेव्हा म्हातारीनं त्याला 'माझा उंबरा चढू नको' म्हणून सुनावलं होतं. तो पुण्याला गेला तो गेलाच. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे. धाकटा सुनील, म्हणजे ललिताचा नवरा, रेल्वेत. तोही मनमाडहून आला की भावाचं नाव गिळूनच जेवायचा.

ललितानं त्या मुठीकडं पाहिलं. "आला ना," ती म्हणाली. "मोलकरणीनं गुपचूप दिवा लावला. पोरगा आला, आईच्या पाया पडला." शेवट गोड झाल्याशिवाय कहाणीवरून उठायचं नाही, हे तिच्या हाडातलं.

नवसाबाईंनी दाणे मात्र देवाला वाहिले नाहीत, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. पुढच्या सोमवारी पुन्हा म्हणाल्या, "ती दिव्याची सांग." त्याच्या पुढच्या सोमवारीही. पोरगा दरवेळी सुखरूप घरी आला. लुगडं बदललं की दाणे नव्या पदरात जायचे, गाठ काही सुटली नाही.

गणपती झाल्यावर पेपर. प्रश्न शेवटाचाच आला: धुकं आणि दिवा या प्रतिमांनी शेवट कसा घडवला? ललिताचं मोडकं इंग्रजी त्या दिवशी पळत सुटलं. धुकं म्हणजे मनातला राग, दिवा म्हणजे क्षमा. पानं भरली. पोरगा घरी आला, आईच्या पाया पडला. इंग्रज कुठं पाया पडतात, हेही सुचलं नाही.

पेन थांबलं ते सासूच्या पदरातली गाठ आठवली तेव्हा. म्हातारीनं दाणे का वाहिले नव्हते? कहाणी पुरी झाली नाही म्हणून. पुस्तकात तर पोरगा बुडाला होता!

तिनं त्या ओळींवर काट मारली. वेळ थोडा उरला होता. खाली लिहिलं की पोरगा परत येत नाही. वाचणाऱ्याला तो यावासा वाटतो, दिवा लागावासा वाटतो, लेखक ते होऊ देत नाही, म्हणून म्हातारीचा रोजचा दिवा जास्त जाळतो. मोलकरणीचं राहूनच गेलं.

निकाल लागला. काठावर पास. सोमनाथ सर म्हणाले, "काठ तर काठ, बुडाला नाहीत."

त्या संध्याकाळी पेढा हातावर ठेवून ललिता सासूपुढं बसली. "आत्याबाई, त्या गोष्टीत पोरगा वाचत नाही. मी खोटं सांगितलं."

"ठाव हाय. दर सोमवारी पोरगं आलं की तू खाली बघायचीस."

"मग पुन्हा पुन्हा का ऐकलीत?"

"ऐकायला बरं वाटायचं." नवसाबाईंनी पदराची गाठ सोडली, पिवळे पडलेले दाणे देवापुढं ठेवले. "आणि ती म्हातारी मरेस्तोवर दिवा लावायची?"

"रोज."

"येडी. आधी लावायचा ना." नवसाबाईंनी पेढा अर्धा मोडला, तोंडाशी नेला, खाली ठेवला. "खंड्याचा नंबर असल तुझ्याकडं. लाव फोन."