द्वारा श्रीमती रूथ साळवे

रूथमावशींच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला पाण्याचा पेला दिला, एक चिठ्ठी हातात ठेवली आणि म्हणाल्या, "वाच. पाठ कर. मग चहा." चिठ्ठीवर माझं नाव होतं, संजय पवार, त्याखाली 'द्वारा श्रीमती रूथ साळवे' आणि मग त्यांच्या मयूर विहारातल्या फ्लॅटचा पत्ता. नगरहून गाडीत दीड दिवस अंग आंबवून आलेला मी इंजिनिअर, शाळेतल्या पोरासारखा उभ्या उभ्या पत्ता म्हणू लागलो. पिनकोड चुकला. मावशींनी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला.

मावशी माझ्या आईच्या वर्गमैत्रीण. लग्न होऊन दिल्लीत आल्या, यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. एका मंत्रालयात टपालाच्या आवक-जावकवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. नव्या कंपन्या नोएडात भराभर उघडत होत्या आणि दर पंधरवड्याला महाराष्ट्रातून कुणी ना कुणी बॅग घेऊन मावशींच्या दारात उभा राहायचा. घरमालक भाड्याची पावती देत नसत, आणि पावतीशिवाय बँक दारात उभं करत नसे. "या दिल्लीत तू कितीही शिकलेला अस," मावशी म्हणायच्या, "पत्ता नसेल तर तुला गॅस बिल्कुल मिळायचा नाही." म्हणून त्या आपला पत्ता वाटायच्या. माणूस महिनाभर मागच्या खोलीत राहून दुसरीकडे जायचा, त्याची पत्रं मात्र वर्षानुवर्षं मावशींकडे येत राहायची.

त्या पत्रांसाठी त्यांची एक वही होती. आवक क्रमांक, तारीख, कुणाचं, कुठून, आणि नेणाऱ्याची सही. दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठीसुद्धा सही करावी लागे. मी चिडवलं की म्हणायच्या, "हसू नकोस. सही केलीस की पत्र तुझं झालं. मग ते हरवलं तर मला विचारायला यायचं नाही." नाताळात करंज्यांचा डबा द्यायच्या तेव्हा मी मुद्दाम विचारायचो, वही आणू का? त्या खरंच आणायला सांगायच्या.

पुढे माझं लग्न झालं, लक्ष्मीनगरात भाड्याने राहिलो, आणि मेट्रो नुकतीच मयूर विहारात आली होती त्या वर्षी इंदिरापुरमला एक फ्लॅट नक्की केला. सहा वर्षांची सगळी बचत बिल्डरला देऊन टाकली. मेघनाला सातवा महिना होता. उरलेले पैसे कर्ज काढून महिनाअखेरपर्यंत भरायचे, नाहीतर बुकिंग रद्द आणि दिलेले पैसे बुडीत, असं करारात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. आणि बँकेने कर्ज नाकारलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सर, आपकी क्रेडिट रिपोर्ट खराब है।" मला असली काही रिपोर्ट असते हेच ठाऊक नव्हतं. स्कूटरचं कर्ज सोडलं तर मी आयुष्यात कुणाकडून काही घेतलं नव्हतं.

ती रिपोर्ट, म्हणजे माझ्या कर्जफेडीचा अहवाल, मागवायला फॉर्म भरला, ड्राफ्ट काढला, ओळखपत्राच्या प्रती जोडून सगळं मुंबईला पाठवलं. लिफाफा येईपर्यंत महिन्याचे अठरा दिवस उरले होते. त्यातलं मला ओ की ठो कळेना, म्हणून तो घेऊन मी मावशींकडे गेलो. सरकारी कागद त्यांच्याइतका नीट वाचणारं माणूस माझ्या ओळखीत दुसरं नव्हतं.

मावशींनी टेबल पुसलं, फूटपट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली ठेवत वाचायला लागल्या. "हे तुझं नाव. हे तू कुठे कुठे राहिलास. हे तुझं स्कूटरचं कर्ज. हे बघ, प्रत्येक महिन्याखाली शून्य, म्हणजे एक दिवसही उशीर नाही. शाब्बास." पट्टी खाली सरकली. तिथे एक क्रेडिट कार्ड होतं. महिन्यांखाली शून्याऐवजी तीस, साठ, नव्वद असे आकडे चढत गेले होते आणि शेवटी शेरा होता, की बँकेने वसुलीची आशा सोडली आहे. "हे कार्ड माझं नाही!" मी ओरडलो. मावशींचं बोट कार्डासाठी दिलेल्या पत्त्यावर थांबलं होतं. पत्ता त्यांचाच होता.

चष्मा काढून त्या म्हणाल्या, "हा तू नाहीस. हा दुसरा संजय."

मी मागची खोली सोडून दोन वर्षं झाल्यावर त्यांच्याकडे आणखी एक संजय पवार आला होता, साताऱ्याकडचा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मावशींच्या वहीत मी 'संजय १' होतो आणि तो 'संजय २'. त्याच्या कार्डाच्या अर्जावर ना जन्मतारीख होती, ना पॅन नंबर. नाव एक, पत्ता एक, म्हणून कुठल्या तरी संगणकाने आमचा दोघांचा एकच माणूस करून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मावशी वही पिशवीत घालून माझ्याबरोबर त्या कार्डवाल्या बँकेच्या करोल बागेतल्या कचेरीत आल्या. तिथल्या साहेबाला त्यांनी दोन्ही संजयच्या सह्या दाखवल्या, तारखांसकट. साहेबाने दोन पानं उलटली. "मैडम, ये तो घर की कॉपी है। एक ही नाम, एक ही पता। दूसरा आदमी है तो उसका पता दीजिए, हम मान लेंगे।"

मावशींनी वही मिटली. "पता मैं नहीं दूँगी।"

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. रिक्षात त्यांनी सांगितलं. दुसऱ्या संजयच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने ते कार्ड वापरलं होतं. पुढे त्याची कंपनी बंद पडली. दुसरीकडे लागला, तर वसुलीवाले तिथे जाऊन सगळ्यांदेखत त्याला नको नको ते बोलले आणि तीही नोकरी गेली. आता तो फरिदाबादला एका कारखान्यात कामाला होता, आणि आपला ठावठिकाणा कुणाला सांगणार नाही असा मावशींनी त्याला शब्द दिला होता.

"आणि माझं काय?" मी म्हटलं. "तुमच्या या धर्मशाळेपायी माझं घर चाललंय, मावशी. मेघनाला काय सांगू?"

घरी पोचल्यावर त्यांनी चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला. "घे, थंड होतोय." मी तो चहा न पिता निघालो. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे, पण तो न घेतलेला चहा आठवला की आजही मला स्वतःची लाज वाटते.

आठ दिवस मी तिकडे फिरकलो नाही. बिल्डरच्या हातापाया पडून पाहिलं, त्याने करारातली ओळ दाखवली. शेवटी मीच गेलो, खरं सांगायचं तर पत्ता कसाही काढून घ्यायला. वही कपाटात कुठे असते ते मला माहीत होतं.

मी बसतोय तोच बेल वाजली. दारात दोन दांडगे पुरुष. "संजय पवार यहीं रहता है?" एकाने माझ्याकडे बघून विचारलं, "आप कौन?" खोटं बोलायचं तरी काय बोलणार? मी म्हटलं, "संजय पवार." तो आत पाऊल टाकणार इतक्यात मावशी मध्ये आल्या. त्या उंचीने जेमतेम त्याच्या खांद्याला लागत होत्या. "ये संजय है, पर आपवाला नहीं है। पहले यहाँ नाम लिखो, किस दफ़्तर से आए हो, साइन करो। फिर बात करेंगे।" आणि वही पुढे केली.

ते दोघे वहीकडे बघतच राहिले. लिहायला काही कुणी धजेना. जाताना धमकी देऊन गेले, पण गेले. दार लावून मावशी खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. मी पाणी दिलं. कपाटाकडे मग माझं लक्ष गेलं नाही.

"त्याचा पत्ता मी तुला देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुझं काय झालंय ते मी त्याला सांगितलंय. सोमवारी जाऊन आले."

मयूर विहार ते फरिदाबाद. त्या दुखऱ्या गुडघ्याने, दोन बसगाड्या बदलून. "त्याला काय म्हणालात?"

"म्हटलं, पहिल्या संजयचं घर अडलंय. अजून काय म्हणायचं? पुढचं त्याने ठरवायचं, अच्छा? मी कुणाच्या वतीने सही करत नाही."

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा त्यांचा फोन आला, "ये." गेलो तर टेबलाशी एक सडपातळ माणूस बसला होता, अंगात इस्त्रीचा शर्ट, नजर खाली. मला बघून उठून उभा राहिला. "मी संजय," तो म्हणाला. "मीही," मी म्हणालो. त्याने कागद घेतला. वडिलांचं नाव, जन्मतारीख, पॅन नंबर, कार्ड आपलंच असल्याचं, आणि खाली फरिदाबादचा पूर्ण पत्ता त्याने स्वतःच्या हाताने लिहिला. पिनकोड लिहिताना थांबला, मावशींकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "बरोबर आहे." मग तिघांनी चहा घेतला. मी दोन कप घेतले.

तो माझ्याबरोबर करोल बागेत आला. साहेबाने पत्र दिलं, त्याला हप्ते बांधून दिले, आणि कारखान्यात माणसं पाठवणार नाही असं मावशींनी त्याच पत्रात लिहून घेतलं. त्या पत्रावर माझं कर्ज मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी मंजूर झालं. अहवालातली ती ओळ पुसायला मात्र आणखी दोन महिने गेले. तोवर आमची मुलगी जन्मली होती. नव्या घरी तिला पहिल्यांदा मांडीवर घेऊन मावशींनी कानात काय सांगितलं, तर इंदिरापुरमचा पत्ता.

मावशी जाऊन आता सहा वर्षं झाली. फ्लॅट भाचीने विकला. वही मी मागून घेतली. शेवटच्या पानावर, त्यांना दवाखान्यात हलवलं त्या आठवड्यात आलेल्या दोन पत्रांच्या नोंदी आहेत, सहीच्या जागा रिकाम्या.

मुलीच्या शिक्षणासाठी परवा कर्ज काढायला गेलो. बँकेतल्या मुलीने माझा अहवाल पडद्यावर उघडला. शून्यंच शून्यं. पत्त्यांच्या यादीत तळाशी मयूर विहार. ती म्हणाली, "सर, ये बहुत पुराना पता है। हटवाने की रिक्वेस्ट डाल दूँ?"

मी नको म्हटलं. बाहेर येऊन दुसऱ्या संजयला फोन लावला आणि विचारलं, तुझ्या अहवालात अजून आहे का तो पत्ता? तो म्हणाला, "आहे की. मला दोनदा विचारलं बँकेने. काढू दिला नाही."