सिक लाईनीतलं डाळिंबी विमान

आमच्या घरात सातशे त्रेचाळीस विमानं हायेत. हसू नका. पूर्णेच्या ह्या दोन खोल्यांत, टेबलावरच्या कॉम्प्युटरमधी, आमच्या मालकांनी अठरा वर्षं जमवलेली. विमान उडवायचा एक खेळ हाय त्यात. खेळ म्हणलं की ह्यांना राग येतो, "सिम्युलेटर म्हण," म्हणतात. जगभरातली हौशी माणसं त्या खेळात घालायची विमानं बनवून इंटरनेटवर फुकट ठेवतात, आन् आमचे महारुद्रअप्पा ती उतरवून घेतात. मी त्या विमानांना सवती म्हणते. सातशे त्रेचाळीस सवती सांभाळलेली बाई आख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरी दाखवा मला!

मालक रेल्वेत होते. पूर्णेच्या यार्डात मालगाडीचे डबे कोणत्या लाईनीला लावायचे, हे बघण्यात तीस वर्षं गेली. ह्या नादाला लावलं ते दिनकररावांनी. दिनकरराव पेडगावचे, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. रिटायर होऊन गावी गेले तरी दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं यायचे, खिशात पेनड्राइव्ह आन् पिशवीत मालनबाईंनी, म्हंजे त्यांच्या बायकोनं, बांधून दिलेले धपाटे. तवा इंटरनेट असं मंद, की एक विमान उतरायला दुपार जायची. दोघं पडद्याकडं डोळे लावून टक्के मोजायचे. "एक्क्याण्णव… ब्याण्णव…" आन् त्र्याण्णवला लाईट जायची. परत पहिल्यापासून. चहा करून करून मी बेजार. विमान उतरलं की मास्तर त्याला मनासारखा रंग द्यायचे, मग दोघं मिळून नांदेडहून उडायचे आन् हैदराबादला उतरायचे. खऱ्या विमानात दोघं एकदाबी बसले न्हाईत. तवा त्या दुपारींचा मला लय वैताग यायचा. आता वाटतं, त्यातली एक तरी परत मिळावी.

तीन वर्षाखाली मास्तर गेले. मालकांनी कॉम्प्युटरवर कपडा टाकला तो दोन वर्षं काढला न्हाई. शेवटी मीच म्हणलं, "उघडा की ते एकदाचं! भिंतीकडं बघत बसण्यापरीस बरं."

उघडून बघतात तर नुसता गोंधळ. एकच विमान तीन-तीन जागी, कुणाला चाक न्हाई, कुणाला आवाज न्हाई. मग मालकांनी यार्ड लावायला घेतलं. सकाळी लिंगपूजा झाली की कॉम्प्युटरपुढं. वही केली. मोठी प्रवासी विमानं लाईन एकला, मालवाहू दोनला, पंख्याची लहान तीनला, हेलिकॉप्टर साइडिंगला. बिघडलेली सिक लाईनीत. यार्डात नादुरुस्त डबे बाजूला उभे करतात ना, तिला सिक लाईन म्हणतात. प्रत्येक विमानाच्या फोल्डरचं नाव पुसून, डब्यावर असतो तसा नंबर घातला. चार महिने लागले. सिक लाईनीत एकसष्ट विमानं जमली, ती खेळातून बाहेर काढून ठेवली. "सोमवारी ही भंगारात काढतो," म्हणले.

आन् शनिवारी मालनबाईंचा फोन आला.

"भाऊजी, मी पुण्याला चालले पोराकडं. आता कायमचीच. तुमच्या मास्तरांनी माझ्यासाठी एक विमान रंगवलं होतं, माझ्या शालूच्या रंगाचं. चल दाखवतो म्हणायचे, तर मी म्हणायची, मला काय करायचंय त्या विमानाचं? आता बघावं वाटायलंय. सोमवारी येऊन जाऊ का?"

"या की वैनी," म्हणून मालकांनी फोन ठेवला आन् पांढरेफटक पडले. आख्खी वही चाळली. तसलं विमान कोणत्याच लाईनीत नव्हतं.

"सिक लाईनीत बघा."

"अगं, तिथं मोडकी हायेत."

"मोडकं झालं म्हणून काय रंग जातो व्हय?"

प्रत्येक विमानाच्या फोल्डरात त्याच्या रंगाचं चित्र असतं. ती एकसष्ट चित्रं एकेक करून बघायला बसलो. मालकांना सगळंच तांबडं दिसायचं. तीस वर्षं सिग्नल बघितलेला माणूस, लाल, पिवळा आन् हिरवा सोडून चौथा रंग ठाऊक न्हाई. तो शालू मी बघितलेला होता, मास्तरांच्या पोराच्या लग्नात मालनबाई नेसल्या होत्या. रविवारी दुपारी बेचाळिसाव्या चित्राला मी ओरडले, "थांबा! हे डाळिंबी हाय. काठ बघा, मोरपंखी!"

सापडलं. परत खेळात घातलं, पण आत बसलं की पुढं काळी पाटी. एक काटा न्हाई, उंची-वेग दाखवणारं एक घड्याळ न्हाई. मालकांनी त्याची फाईल वाचली आन् कपाळावर हात मारला. मास्तरांनी जागा वाचवायला घड्याळं ह्या विमानात घातलीच नव्हती. दुसऱ्या एका विमानाच्या फोल्डरचं नाव लिहून, तिथून घे, असं सांगितलं होतं. त्या फोल्डरचं नाव मालकांनी नंबर घालताना पुसलं होतं. मग ह्या बिचाऱ्याला घड्याळं कुठून मिळणार?

"डबा धड होता गं," म्हणले. "मीच दुसऱ्या डब्याची पाटी बदलली आन् मीच ह्याला सिक लाईनीत ढकललं. उद्या भंगारात गेलं असतं." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून चहा टाकला.

त्या दुसऱ्या फोल्डरला त्याचं जुनं नाव परत दिलं, तशी घड्याळं आली.

सोमवारी मालनबाई आल्या. धपाटे घेऊनच. कॉम्प्युटरपुढं खुर्चीत अंग चोरून बसल्या. पडद्यावर नांदेडच्या धावपट्टीवर चार सीटांचं ते डाळिंबी विमान उभं राहिलं, तसा त्यांनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई, काठसुदिक काढलाय!"

मालकांची रेल्वेतली सवय, वजन बघितल्याबिगर गाडी हालवायची न्हाई. त्यांनी वजनाचा कागद उघडला. कोणत्या सीटावर किती किलो, ते त्यात लिहिलेलं असतं. चालवणाऱ्याच्या सीटापुढं लिहिलं होतं, मास्तर, एकसष्ट. शेजारच्या सीटापुढं, मालन, अठ्ठेचाळीस. मागच्या दोन रिकाम्या.

मालनबाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणल्या, "दर दिवाळीला इचारायचे, तुझं वजन किती हाय गं? मी खेकसायची, काय बाजरीचं पोतं हाय का मी, सारखं तोलायला? एकदा मोंढ्यातल्या धान्याच्या काट्यावर उभं केलं मला, चारचौघांत. महिनाभर बोलले न्हाई त्यांना." आन् रडायला लागल्या. "मी म्हणते, मी कधी बसलेच न्हाई त्यात. आन् हे मला शेजारी बसवून हिंडायलते!"

मालक म्हणले, "वैनी, आता चालवणारा मी हाय. मास्तरांचं वजन काढून माझं टाकू का?"

"न्हाई भाऊजी," त्या लगेच म्हणल्या. "ते हायेत तिथं राहू द्या. तुमी मागं बसा."

मालकांनी मागच्या सीटावर स्वतःचे चौऱ्याऐंशी टाकले. एक सीट अजून मोकळी होती.

"माझंबी टाका," मी म्हणलं.

"किती?"

छत्तीस वर्षांच्या संसारात त्या दिवशी मी ह्यांना माझं वजन पहिल्यांदा खरं सांगितलं.