आईचं अमिनो

केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर आईच्या तोंडात फोड आले आणि तिचं जेवण वरणाच्या पाण्यावर आलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "वजन आणखी घटलं तर पुढची केमो थांबवावी लागेल." आहारतज्ज्ञ बाईंनी अमिनो ॲसिडची पावडर लिहून दिली. दिवसातून दोनदा, साध्या पाण्यात.

मखमलाबादला आमचा मळा. टोमॅटोची कॅरेट मोजायच्या काट्यावर मी रोज सकाळी आईला उभं करायची. आकडा स्थिर होईपर्यंत जीव टांगणीला लागलेला असायचा. पाच दिवसांत किलोभर गेलं. पावडर घेऊनही! भीतीने मला काही सुचेना.

सहाव्या दिवशी उलगडा झाला. आई ओट्यावर बसून पावडरचा पेला झेंडूच्या बुंध्याशी ओतत होती.

मी तोंडाळ आहेच, त्या दिवशी जरा जास्तच बोलले. "तुला बरं व्हायचंय की नाही?"

"अगं, अमिनो लिवलंय त्याच्यावर," ती म्हणाली. "तुझे वडील टोमॅटोवर मारतात तेच. झाडाचं झाडाला घातलं. माणसाला कुठं फवारणीचं देतात?"

आमच्याकडे अमिनो म्हणजे फवारणीच, त्याची बाटली विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. हे मला आधीच सुचायला हवं होतं. ही पावडर वेगळी, माणसांसाठीच केलेली, असं मी दहादा सांगितलं. तिने रिकामा पेला पालथा घातला.

आमचं बोलणं ऐकून वडील मळ्यातून आले आणि पायरीवर टेकले. "गारपिटीनं पानं फाटली की आपण अमिनो का मारतो?"

"नवा फुटवा यावा म्हणून."

"मंग? तुझ्यावर गारपीटच झालीय."

आईने त्यांच्याकडे बघितलं. "आन् मुळंच सडली असली तर? मग कितीबी मारा, नाय येत फुटवा. तुमीच म्हणता."

वडील पिकाबद्दल कधी खोटं बोलत नाहीत. ते बराच वेळ पायाजवळची माती उकरत राहिले.

"ते मला नाय माहीत," ते म्हणाले. "पण मुळं बघायला आपण झाड उपटत नाय."

आईने नवा पेला करायला सांगितला. एकेका घोटाला तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं, तरी तिने तो संपवला.

सकाळी ती काट्यावर चढली. आकडा कालचाच होता. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि मगच तिला हात धरून खाली उतरवलं.