कूलरच्या टाकीतली कासवं

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि जाताना तिची दोन कासवं माझ्या हवाली करून गेली. मस्क टर्टल म्हणतात त्यांना. वाटीएवढी, काळपट, डोळ्यांमागून मानेकडे जाणाऱ्या दोन पिवळ्या रेघा. घाबरली की अंगातून असा वास सोडतात की माणसाने खोली बदलावी.

"बाबा, एवढीशी होती तेव्हापासून जपलीत मी. दिवाळीला आले की दोन्ही मला अशीच पाहिजेत."

"अशीच काय, दोनाची चार करून देतो," मी म्हणालो. मला असं बोलायची सवय आहे. माझ्या हातून कोरफडसुद्धा मेलेली आहे.

पण मनापासून लागलो. काचेची टाकी, तळाशी वाळू. ही कासवं पोहण्यापेक्षा तळाशी चालतात जास्त, म्हणून पाणी बेताचंच. वर चढायला दगड, फिल्टर, ऊन म्हणून दिवा. खाण्याचा प्रश्न आला तेव्हा घरात सभा भरली. त्यांना विकतच्या खाद्याच्या दाण्यांबरोबर गांडुळं लागतात आणि आमच्याकडे कांदासुद्धा वार बघून चिरतात.

"गांडुळं फ्रिजमध्ये दिसली तर मी घर सोडीन," बायको म्हणाली.

म्हणून गांडुळांची कुंडी गॅलरीत गेली. आई कासवांना देवाचा अवतार मानायची आणि रोज पूजा झाली की भिजवलेली चण्याची डाळ टाकीत सोडायची. कासवं त्या डाळीवरून तुडवत जायची. पाणी नासायचं आणि मी फिल्टर धूत बसायचो.

मग नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस. धरमपेठेतले रस्ते दुपारी असे रिकामे की आपणच मागे राहिलो आहोत असं वाटावं. दिवा मी केव्हाच बंद केला होता, तरी काचेवरच्या तापमापकाची हिरवी पट्टी संपून काटा लाल पट्टीत शिरला. तळाशी राहणारी कासवं दगडावर येऊन तोंड उघडून बसू लागली. मला वाटलं, जांभया देत आहेत. मुलीला फोनवर तसं हसत सांगितलं.

ती हसली नाही. "बाबा, त्यांना उष्णता सहन होत नाहीये. पाणी गार करा. पण एकदम बर्फ नका टाकू. आणि लवकर करा."

आमच्याकडे एसी नाही. कूलर असताना एसी कशाला, हे माझं जुनं मत. त्या मताच्या भरातच मला सुचलं की घरातलं सगळ्यात गार पाणी कूलरच्या टाकीत असतं. खिडकीबाहेर सावलीत, वाळ्याच्या ओल्या ताट्यांच्या आड, भरपूर जागा. आपण भलतेच हुशार आहोत असं वाटून मी पंपावर भाजीची टोपली पालथी घातली, वर वीट ठेवली आणि दोघांना आत सोडलं.

"करंट?" बायकोने विचारलं.

"तपासलाय."

"तू तपासलाय म्हणूनच विचारून राहिले."

तसा करंट नव्हता. कासवं तळाशी गेली, तोंडं मिटली. रात्री आम्ही त्याच कूलरच्या वाऱ्यात झोपलो.

आई तेव्हा रामटेकला मावशीकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आली. कासवांचा मुक्काम हलल्याचं मला वाटलं बायकोने सांगितलं असेल, बायकोला वाटलं मी. रिकाम्या काचेच्या टाकीपुढे उभं राहून आईने हात जोडले. कासवं दगडाखाली असतील, असं ती समजली.

जेवण करून मी आडवा झालो होतो. कूलरच्या वाऱ्यात आधी रॉकेलचा वास आला, मग त्याच्यामागून दुसरा, कुजकट. तो मी ओळखला आणि उठून बसलो.

"आई, कूलरमध्ये काही टाकलंस का?"

"घासलेट टाकलं ना गा, जराक. डास होऊन राहिले पाण्यात. दरसाली टाकतो आपण." रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हाची शिल्लक बाटली ती फक्त याच कामासाठी जपून आहे. पाण्यावर तेलाचा पापुद्रा आला की डासांच्या अळ्यांना वर येऊन श्वास घेता येत नाही.

कासवंही श्वासाला वरच येतात.

मी बटण बंद केलं, पिन उपसली आणि बाहेर जाऊन ताटी ओढून काढली. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग हलत होते. मोठं कासव टोपलीवर चढून बसलं होतं, ते लगेच हाती लागलं. लहान दिसेना. कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला तेव्हा टोपलीच्या मागे सापडलं. मान बाहेर, डोळे मिटलेले.

बायकोने दोघांना स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरलं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग भरपूर पाणी. पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. उथळ स्वच्छ पाणी, गार जागा, खायला काही नाही, आणि नाकातून बुडबुडे येतात का त्यावर लक्ष. तेल छातीत गेलं असेल तर दोन दिवसांत कळेल.

आई भिंतीला धरून उभी होती. "मले काहून नाही सांगितलं कोणी?"



मोरीतल्या टबात दोघांना ठेवलं. मोठं संध्याकाळपर्यंत चालायला लागलं. लहान तळाशी बसून राहिलं. आता तळाशी बसणं हा या जातीचा स्वभावच, त्यामुळे ते झोपलंय, रुसलंय की संपलंय, हे वरून बघून कळायला मार्ग नाही. आई मोरीच्या दारात स्टूल टाकून बसली. मी दर थोड्या वेळाने वाकून बघायचो आणि काहीच न कळून परत फिरायचो.

सकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन मोठ्या कासवावरच धरून ठेवला.

"लहान कुठंय, बाबा?"

माझी जुळवाजुळव सुरू असतानाच आईने फोन माझ्या हातून घेतला. "पोरी, माह्या हातानं झालं. कूलरात घासलेट टाकलं मी. थे त्याच्यात होते, मले मालूम नोतं." आणि सगळं सांगितलं, काही न वगळता.



"आजी, बुडबुडे आहेत का?"

"नाहीत वं. पण हालतही नाही."

"बाबा, हात लावून बघा. शेपटीकडून नाही, समोरून."

मला तो हात लावायचा नव्हता. न लावता जितका वेळ काढता येईल तितका काढावा असं वाटत होतं. आई माझ्याकडे बघत होती. मी बोट पाण्यात नेलं, तोंडापाशी धरलं. काही नाही. आणखी जवळ नेलं. कवचाची कड गार लागली, दगडासारखी.

मग बोटाला चिमटा बसला, तोही असा की डोळ्यांत पाणी आलं. लहान कासव बोट धरून बसलं होतं आणि सोडायला तयार नव्हतं.

"काय झालं?" फोनमधून मुलगी विचारत होती. "बाबा, बोला ना. काय झालं?"

"चावून राहिलं," आई म्हणाली. मी हात तसाच पाण्यात ठेवला.